पट्टीबंधक

रजिस्टरात गाय आहे, म्हैस, शेळी, कोंबडी.
घोड्याचा रकाना नाही.
मी 'इतर'मध्ये लिहिलं:
रेवडी, घोडी, पांढरी, वय अकरा,
मालक पंचफुला डोमाजी वाघाडे, राहणार सावंगी,
पुढचा डावा पाय, नळीच्या मागे सूज,
हात लावला की उचलते.

"नाचाची हाये," पंचफुला म्हणाली,
जशी एखादी बाई सांगते, पोरगी नर्सिंगले हाये.
बाजेवर चढते, मागच्या पायांवर उभी होते,
नवरदेवाचा फेटा हलू देत नाही.
तुळशीच्या लग्नापासून आतापर्यंत
एकेचाळीस वराती.

डॉक्टरांकडे दोन दवाखान्यांचा चार्ज,
ते मंगळवारी येतात. त्या दिवशी शुक्रवार.
मी पट्टीबंधक. माझ्या पदाच्या नावातच
माझा सगळा इलाज.

इलाज सांगायला मात्र गाव जमलं.
हुसेन नालबंद म्हणाला, टाच उचलून देतो,
नालेमागे चामड्याची पाचर, शिरेवरचा ताण कमी.
गोंडू म्हातारा तर विळा तापवायलाच निघाला होता:
"तीन आडव्या रेघा. डाग बसला का शीर आवळते."
त्यानं धोतर वर केलं. त्याच्या पोटरीवर
तीन रेघा होत्या. तो अजून लंगडतो.
बँडवाला किसना मला बाजूला घेऊन म्हणाला,
एक सुई मारा ना साहेब,
तिले दुखणं कळू नये, रविवारपुरतं.
ती सुई कपाटात होती.
मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली,
आणि किसनाला चहा पाजला.

मंगळवारी डॉक्टरांनी पाय गुडघ्यावर घेतला,
दोन बोटं वरून खाली, खालून वर.
कंडरा आहे ही, म्हणाले.
"आमी शीरच म्हणतो."
मोटेचा नाडा समजा, काही पिळे तुटले,
काही धरून आहेत. नागपूरला नेलं
तर मशीनवर आतलं दिसेल,
तिचंच रक्त काढून, फिरवून, तिलाच टोचता येईल.
"तिचंच रक्त तिलेच इकतात?"
टेम्पोचं भाडं ऐकून ती गप्प बसली.
नाहीतर?
नाहीतर थंड पाणी, पट्टी, आणि नऊ महिने.
ती हसली तेव्हा.
"ते जमते मले. चारदा केलं."

रोज पहाटे रेवडी कालव्यात उभी,
गुडघाभर पाण्यात, वीस मिनिटं.
पंचफुलाकडे घड्याळ नाही, म्हणून
यवतमाळची पहिली एसटी जाईपर्यंत.
मग ती हरभरा सोंगायला जाते, मी पट्टी बांधतो.
खाली कापसाचा जाड थर,
प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर,
घट्ट नको, सैल नको,
गाठ शिरेवर येऊ द्यायची नाही.
सरकारी कापूस तिसऱ्या दिवशी संपला.
तिनं घरचा आणला, हातानं सरकी काढलेला.
त्यात एखादी वाळली पाती राहून जाते,
ती मी डोळे मिटून बोटांनी शोधतो.
तिथंच जखम होते.

वैशाख लागला. गावात ढोल वाजला की
रेवडी खुंट्याजवळ आपली आपणच पाय उचलायची,
दुखरा आधी.
डॉक्टरांच्या कागदावर याला औषध नव्हतं.
उरल्या कापसाचे पंचफुलानं चार बोळे केले.
दोन घोडीच्या कानात,
दोन स्वतःच्या.

काल पोलीस पाटलाकडची वरात.
किसनानं कुठूनशी दुसरी घोडी आणलेली.
मी पट्टी सोडून बसलो होतो,
मोबाइलचा उजेड पंचफुलाच्या हातात.
कान बंद, तरी रेवडीची कातडी थरथरली.
ढोल जमिनीतून येत होता,
खुरातून वर,
माझा तळवा होता तिथून पुढे.
तिनं खूर बोटभर उचलला.
थांबली.
हळूच ठेवला.

"पाहा!" पंचफुला ओरडली,
कापसामुळे जरा जास्तच मोठ्यानं,
"पाहा, शिकून राह्यली!"

मी पहिला वेढा घेतला.